वारा गावचा, वाटा कुणाचा?

(नाशिकमध्ये ग्रामपंचायत सदस्य आणि शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आयोजकांनी विषय दिलाय, ‘पवनचक्की प्रकल्प आणि गावाचा फायदा’. समोर सिन्नरच्या डोंगरपट्ट्यातली, इगतपुरीकडची, चांदवडची माणसं बसलेली दिसतायत. तुमच्या मनातला प्रश्न सरळ आहे: आपल्या डोंगरावर पंखे आले तर आपल्याला काय मिळणार? उत्तर आधीच देऊन टाकतो. फायदा होतो, चांगला होतो. पण तो किती, हे पंखा फिरायच्या कितीतरी आधी, पहिला खड्डा खणण्यापूर्वी कागदावर काय लिहिलं यावर ठरतं. माझी नोकरी वीजक्षेत्रात गेली. सातारा, साक्री, नगर इथल्या पवनचक्क्यांच्या खाली उभं राहून मी बघितलंय. वारा तोच, यंत्र तेच, आणि एक गाव दरवर्षी पैसे मोजतंय तर शेजारचं गाव नुसता डंपरचा धुरळा खाऊन बसलंय.

आधी एक गैरसमज काढून टाकू. लोकांना वाटतं, डोंगरावर वीज तयार झाली म्हणजे खालच्या मोटारी चोवीस तास चालणार. तसं होत नाही. पवनचक्कीतली वीज बुडाशी असलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून साधारण ३३ हजार व्होल्टवर चढते, मग कंपनीच्या उपकेंद्रात जाते आणि तिथून मोठ्या वाहिनीवर. तुमच्या शिवारातला फीडर ११ हजाराचा, तो दुसऱ्याच उपकेंद्रातून येतो. म्हणून साक्रीकडे लोक चिडून म्हणायचे, ‘पंखे आमच्या उशाला आणि लोडशेडिंगही आमच्याच नशिबाला.’ त्यांचा राग मला कळतो. पण त्या तारेतून वीज मागण्यात अर्थ नाही. मागायचं दुसरंच आहे, त्याकडे येतो.

शिवाय वाऱ्याचं वेळापत्रक आपल्या शेतीशी जुळत नाही. महाराष्ट्रात वर्षभरातली निम्म्याहून अधिक पवनवीज जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होते. त्या वेळी पाऊस चालू असतो, मोटार बंद असते. तुम्हाला पाणी द्यायचंय ते उन्हाळ कांद्याला जानेवारी-फेब्रुवारीत, द्राक्षांना छाटणीनंतर. त्यातही दिवसा द्यायचंय, कारण निफाड-सिन्नरला रात्री बॅटरी घेऊन बारं धरायला गेलेला माणूस उसात बिबट्या आहे की नाही हे आधी बघतो. दिवसाच्या विजेचं काम सौरऊर्जेचं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची दुसरी आवृत्ती त्यासाठीच आहे. मला त्या योजनेतली एक गोष्ट आज तुमच्यापुढे ठेवायचीय: तिथे जमिनीचं भाडं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये असं लिहून दिलंय, आणि ज्या ग्रामपंचायतीत प्रकल्प होतो तिला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षं अनुदानही ठरवलंय. ग्रामपंचायतीचं नाव घेऊन रक्कम छापली गेली. वाऱ्याच्या बाबतीत हे आपल्याला मागून घ्यावं लागणार.

आता वारा कुठे मिळतो ते बघा. पश्चिमेचा मोसमी वारा सह्याद्रीच्या धारेवर आदळतो, वर चढताना दाबला जातो आणि माथ्यावर त्याचा वेग वाढतो. पट्टा किल्ल्यावर, म्हणजे आपल्या विश्रामगडावर गेला असाल तर सिन्नर-अकोले हद्दीवरच्या डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या दिसतात. त्या तिथेच का, याचं उत्तर पावसाळ्यात टोपी हातात धरून वर गेलात की मिळतं. गणितही सोपं आहे. वेग दुप्पट झाला तर वाऱ्यातली ताकद आठपट होते. सेकंदाला ६ मीटरचा वारा ७ मीटर झाला तरी ताकद जवळजवळ साठ टक्क्यांनी वाढते. म्हणजे तुमच्या माळाच्या या टोकापेक्षा त्या टोकाला यंत्राची कमाई बरीच जास्त असू शकते. ज्याच्या जमिनीवर यंत्र बसणार त्याला हे माहीत नसतं. ज्याला जमीन घ्यायचीय त्याला पक्कं माहीत असतं.

त्याला माहीत कसं होतं? डोंगरावर एक बारीक, उंच खांब येतो. चारी बाजूंनी तारांचे ताण दिलेले, वेगवेगळ्या उंचीवर लहान वाट्या गरगर फिरतायत, खाली कुंपणात एक डबा. गावाला वाटतं मोबाईलचा टॉवर आला. तो वाऱ्याचा मोजमाप खांब असतो, वर्ष-दोन वर्षं तो नोंदी घेत राहतो. मंडळी, ग्रामसभा त्या खांबाच्या दिवशी बोलवा. क्रेन आल्यावर बोलावून उपयोग नाही. कारण मधल्या काळात एजंट फिरायला लागतात. एखादा ओळखीचाच असतो, चहा घेतो, म्हणतो ‘काका, नुसतं खडकाळ रान आहे तुमचं, कुसळं उगवतात, देऊन टाका.’ विसार देतो, मुखत्यारपत्रावर सही घेतो. तीच जमीन पुढे कंपनीकडे कितीतरी जास्त भावानं जाते. विकलेल्या माणसाला त्यातला रुपयाही दिसत नाही.

म्हणून माझं म्हणणं: जमीन विकू नका, भाडेपट्ट्यानं द्या. आणि भाडं दोन भागांत घ्या. एक ठरावीक, दरवर्षी काही टक्के वाढणारं. दुसरं, निघालेल्या वीज-युनिटवर. हा दुसरा भाग लोक विसरतात, तर त्याचा हिशेब करून दाखवतो. समजा २ मेगावॅटचं एक यंत्र आहे. वर्षाचे ८ हजार ७६० तास ते पूर्ण ताकदीनं चालत नाही. पंचवीस टक्के धरा. वर्षाला सुमारे ४४ लाख युनिट होतात. गावासाठी युनिटमागे फक्त १० पैसे ठरले तरी एका यंत्राचे ४ लाख ४० हजार. दहा यंत्रं असली तर वर्षाला ४४ लाख. अनेक लहान ग्रामपंचायतींची घरपट्टी-पाणीपट्टीची सगळी वसुली याच्या जवळपासही जात नाही. आकडे उदाहरणाचे आहेत, १० पैसे कुठल्या कायद्यात लिहिलेले नाहीत. पण मीटर मात्र खरं असतं, दर महिन्याला वीज कंपनी त्याचं रीडिंग घेते. त्या रीडिंगची प्रत ग्रामपंचायतीला मिळेल, एवढं एक वाक्य करारात घाला. पुढे नफा-तोट्याच्या ताळेबंदावर वाद घालत बसायची वेळ येणार नाही.

कुणी म्हणेल, असं कुठे असतं का? पाण्याच्या विजेत आहे. २००८ च्या राष्ट्रीय जलविद्युत धोरणात राज्याच्या १२ टक्के मोफत विजेखेरीज आणखी १ टक्का वीज स्थानिक भागाच्या विकासनिधीसाठी ठेवली, आणि प्रकल्पबाधित कुटुंबाला दहा वर्षं महिन्याला १०० युनिट द्यायचं ठरवलं. हिमालयातल्या नदीला जो न्याय, तो आपल्या डोंगरावरच्या वाऱ्याला का नसावा? मला तरी याचं पटेल असं उत्तर कुणी दिलेलं नाही.

याच्याही पुढे गेलेलं एक गाव आपल्या देशातच आहे. तमिळनाडूत कोइमतूर जिल्ह्यात मेट्टुपाळयमजवळ ओदंतुरै नावाची ग्रामपंचायत आहे. त्यांना रस्त्यावरचे दिवे आणि पाणीयोजनेचं वीजबिल झेपेना. २००६ मध्ये पंचायतीनं बँकेचं कर्ज काढून १ कोटी ५५ लाखांची ३५० किलोवॅटची पवनचक्की स्वतः विकत घेतली. गंमत अशी की त्यांच्या गावात पुरेसा वारा नव्हता. त्यांनी ती उडुमलपेट भागात, वाऱ्याच्या जागी बसवली. वर्षाला पावणेसात लाख युनिटच्या आसपास वीज, त्यातली गावाला लागेल ती गावाला आणि उरलेली राज्याच्या वीज मंडळाला विकायची. आता सांगा, वारा नसलेलं गाव पवनचक्कीचं मालक होतं आणि वाऱ्यावर बसलेली आपली गावं वॉचमनच्या दोन जागा मिळाल्या म्हणून हार घेऊन उभी राहतात.

आपल्याला सहकार शिकवायची गरज नाही. १९५० साली प्रवरेच्या काठावर शेतकऱ्यांनी साखर कारखाना उभा केला. आज दिंडोरीच्या मोहाडीत द्राक्षवाल्यांची ‘सह्याद्री’ ही शेतकरी कंपनी उभी आहे. डेन्मार्कनं वाऱ्यात हेच केलं. कोपनहेगनच्या समुद्रात २००० साली उभ्या राहिलेल्या मिडलग्रुंडनच्या वीस पवनचक्क्यांपैकी निम्मी मालकी ८ हजारांहून अधिक नागरिकांच्या सहकारी संस्थेची. पुढे तिथल्या कायद्यानं नव्या प्रकल्पातले किमान २० टक्के शेअर आसपासच्या रहिवाशांना देऊ करणं कंपनीवर बंधनकारक केलं होतं. आपल्याकडे लगेच वीस टक्के मिळतील असं मी म्हणत नाही. पण दहा यंत्रांमधलं एक यंत्र गावाच्या शेतकरी कंपनीचं, इतकी मागणी तरी टेबलावर ठेवा.

रोजगाराबद्दल मी गोड बोलणार नाही. बांधकामाच्या वर्ष-दीड वर्षात ट्रॅक्टर, जेसीबी, पाण्याचे टँकर, जेवणाचे डबे, खोल्यांचं भाडं यातून गावात बरा पैसा फिरतो. एका पायाला शेकडो घनमीटर काँक्रीट लागतं. नंतर मात्र यंत्राला माणसं फार लागत नाहीत. पहारेकरी, आणि वर चढून काम करणारे मोजके तंत्रज्ञ. तिथे आयटीआय झालेली मुलं लागतात, उंचीवर काम करण्याचं प्रशिक्षण झालेली. हे प्रशिक्षण कंपनीच्या खर्चानं गावातल्या पोरांना द्या, अशी अट घालता येते. पोरींनाही, त्या घाबरत नाहीत.

रस्ता हा मात्र खरा, डोळ्यांना दिसणारा फायदा. एक पातं साठ-सत्तर मीटरचं असतं, ते अख्खंच ट्रेलरवरून येतं. त्याला वळायला रुंद, कमी चढाचा रस्ता लागतो. पट्टा किल्ल्याकडच्या वाड्यांमध्ये पावसाळ्यात रुग्णाला झोळी करून उतरवावं लागतं, तिथे असा रस्ता म्हणजे काय हे मी सांगायला नको. मात्र दोन गोष्टी तपासा. रस्ता खोदताना ओढ्याची वाट बुजवली तर पहिल्याच जोराच्या पावसात खालच्या भातखाचरात मुरूम येऊन बसतो. आणि काम संपल्यावर त्या रस्त्यावर फाटक लागणार नाही, हे लिहून घ्या.

मागून चिठ्ठी आलीय, ‘पवनचक्क्यांमुळे ढग पळतात का?’ नाही पळत. २००३-०४ च्या दुष्काळात सांगली-साताऱ्याकडे यावरून आंदोलनं झाली होती. पाऊस देणारे ढग कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेले असतात आणि त्यांना आणणारा वारा शेकडो किलोमीटर रुंदीचा. दीडशे मीटरवरचं पातं त्याला काय अडवणार? आवाजाची तक्रार मात्र खरी असते. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरापासून ५०० मीटरच्या आत यंत्र नको. मोजपट्टी घेऊन जा आणि मोजा. वस्तीवरचं एकटं घरसुद्धा घरच असतं.

पक्ष्यांचंही बोलायला हवं, नाशिकमध्ये तरी नक्कीच. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात. नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झालं, तिथे हिवाळ्यात परदेशी पाहुणे उतरतात. तिथे पवनचक्की नको, आणि हे सांगितलं म्हणून कुणी तुम्हाला विकासविरोधी म्हणालं तर म्हणू द्या. जिल्ह्यात वाऱ्याच्या दुसऱ्या जागा आहेत.

सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वरकडच्या मंडळींसाठी वेगळं सांगतो. तुमच्याकडे पेसा लागू आहे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा कायदा. वनहक्काचा कायदा २००६ चा. वनजमिनीवर दावे प्रलंबित असताना ते निकाली काढण्याआधी प्रकल्पाला होकार देऊ नका. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे शासनाच्या परवानगीशिवाय जात नाही. यात विक्रीच येते असं नाही, भाडेपट्टाही येतो.

आणि गावाचा वाटा मागणं वेगळं, खंडणी मागणं वेगळं. बीडमध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा डिसेंबर २०२४ मध्ये खून झाला, पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचा धागा त्यात आहे, खटला सुरू आहे. जिथे गावाचा हिस्सा ग्रामसभेत, उघड, ठरावानं ठरत नाही, तिथे कोपऱ्यात उभं राहून तो वसूल करणारे तयार होतात. म्हणून पैसे ग्रामनिधीच्या खात्यात, धनादेशानं. कुणाच्या खिशात नाही, आणि देवळाच्या कळसाला ‘देणगी’ म्हणूनही नाही. कळस आपण वर्गणीतून चढवू.

शेवटी एक कलम, जे आजवर मी फार थोड्या करारांत बघितलंय. यंत्राचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचं. नंतर काय? साताऱ्याच्या पठारांवर पहिल्या पिढीतली जुनी, लहान यंत्रं आता म्हातारी झालीत. मनोऱ्याचं पोलाद भंगारात जातं, त्याला गिऱ्हाईक मिळतं. पाती फायबरची असतात, ती कुणी घेत नाही. काँक्रीटचा पाया जमिनीतच राहतो. तेव्हा करारात दोन ओळी हव्यात. यंत्र उतरवून जमीन नांगरण्याजोगी करून देण्याच्या खर्चाची ठेव कंपनीनं सुरुवातीलाच बँकेत ठेवायची. आणि जुन्या जागी नवं, मोठं यंत्र बसवायचं असेल तर जुना भाडेपट्टा आपोआप पुढे चालू होणार नाही, नवा दर, नवा करार. कंपनीचा वकील म्हणेल याची गरज नाही. तुम्ही म्हणा, ‘गरज नाही ना, मग लिहायला हरकत काय?’ करार मराठीत मागा, दुय्यम निबंधकांकडे नोंदवा, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद चढली की फेरफाराची प्रत घरी आणा. आता तुमचे प्रश्न घेऊ. त्या मागच्या ताईंनी मघापासून हात वर केलाय, त्यांना आधी माइक द्या.