प्रवाह किती, पंखे किती

बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचा धंदा जुना आहे, आणि साच्यात ओतलेला धातू कसा थिजेल याचे गणित आता ओतण्याआधीच संगणकावर मांडता येते. हे गणित तासन्‌तास चालते. तेवढा वेळ प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून, समजा, ३०० वॅट उष्णता शीतकरणाच्या पाण्यात, म्हणजे त्यांना गार ठेवण्यासाठी पंपाने नळ्यांतून फिरवलेल्या पाण्यात, सोडत राहतात.

पाणी मिनिटाला ४ लिटर वेगाने फिरत असेल, तर एका फेरीत ते जेमतेम १ अंशाने तापते. वेग १ लिटरवर आणला, तर ४ अंशांहून थोडे अधिक. पाणी सावकाश गेले की रेडिएटरमध्ये, म्हणजे पंख्यांच्या हवेने पाणी गार करणाऱ्या भागात, जास्त वेळ थांबून जास्त गार होते, असे पुष्कळ जण आजही ठामपणे सांगतात. परंतु तेच पाणी वॉटर ब्लॉकमध्येही, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेल्या ज्या भागात ते उष्णता घेते तिथेही, तितक्याच पटीने रेंगाळते आणि तापते, हे त्यात विसरले जाते. उलट, पुरेसा प्रवाह मिळाल्यानंतर पंप आणखी जोरात चालवल्यास हाती फारसे लागत नाही. आवाज वाढतो, आणि पंपाने घेतलेली वीजही बरीचशी उष्णता होऊन पाण्यातच उतरते.

हा वॉटर ब्लॉक एकदा उघडून पाहावा. त्याच्या तांब्याच्या तळात मिलिमीटरहूनही अरुंद खाचा आहेत. बोअरचे पाणी भरल्यास क्षार इथेच बसतात, म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक द्रावण वापरावे.

पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर बांधू नये. ते क्षणात उसळते आणि क्षणात उतरते. पाणी मात्र सावकाश तापते. पण पाण्याचा ३५ अंश असा एकच आकडा धरणेही आपल्या भागात उपयोगाचे नाही, कारण डिसेंबरच्या पहाटे गारठलेली खोली आणि एप्रिलच्या दुपारी अथणी-चिकोडीकडची खोली यांत मोठे अंतर असते, आणि साधा रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा गार करूच शकत नाही. त्यामुळे एक सेन्सर पाण्यात आणि दुसरा रेडिएटरमध्ये शिरणाऱ्या हवेत ठेवून, दोहोंतला फरक १० अंशांच्या आसपास राहील असे पंखे चालवावेत, हे आम्हांला अधिक शहाणपणाचे वाटते. काम तेच आणि पंख्यांचा वेगही तोच असताना हा फरक वाढू लागला, तर रेडिएटरच्या पात्यांत लाल धूळ साचली आहे का, हे आधी पाहावे.

एका प्रसंगी मात्र पाण्याचा सेन्सर फसवतो. पंप बंद पडला की टाकीतले पाणी गारच राहते, पंखे मंदावतात, आणि ब्लॉकमध्ये अडकलेले थोडेसे पाणी झपाट्याने तापत जाते. त्यासाठी प्रवाहमापक स्वतंत्र हवा, आणि प्रवाह थांबताच संगणक आपोआप बंद होईल अशी जोडणी पहिल्याच दिवशी करून, पंप मुद्दाम क्षणभर थांबवून ती तपासून घ्यावी.