एमपीएचच्या वर्गात कोण बसते?

सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर वर्गात, म्हणजे एमपीएचला, जगभर गिरवले जाणारे एक जुने उदाहरण आहे. १९४० साली न्यूयॉर्क राज्यातील ऑस्वेगो परगण्यात चर्चच्या जेवणानंतर ज्या ७५ जणांची चौकशी झाली, त्यांपैकी ४६ आजारी पडले होते. दोष कोणत्या पदार्थाचा, हे विद्यार्थ्यांनी शोधायचे. आपल्याकडच्या वर्गात हा कागद वाटला की बीएएमएस झालेला विद्यार्थी आधी उलट्या किती तासांनी सुरू झाल्या ते पाहतो. संख्याशास्त्राची पदवीधर मुलगी थेट तक्ता आखते: व्हॅनिला आइस्क्रीम खाल्लेल्या ५४ पैकी ४३ आजारी, न खाल्लेल्या २१ पैकी अवघे ३. बीएस्सी नर्सिंग केलेली विद्यार्थिनी मात्र विचारते, आइस्क्रीम ढवळले कोणी?

असा मिश्र वर्ग आपल्याकडे तुलनेने नवा आहे. कोलकात्यात १९३२ साली ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ सुरू झाली, तेव्हा हा विषय मुख्यतः डॉक्टरांचाच मानला जाई. तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन या आरोग्यविज्ञान अभ्यास केंद्रात १९९७ साली एमपीएच सुरू झाले आणि पुढे इतर विद्यापीठांनी दंतवैद्य, आयुर्वेद व होमिओपॅथीचे पदवीधर, फिजिओथेरपिस्ट, समाजकार्य आणि जीवशास्त्राचे विद्यार्थी यांनाही प्रवेश दिला.

या वर्गात दंतवैद्य इतके का दिसतात, याचे उत्तर आवडीपेक्षा जागांच्या गणितात अधिक सापडते. एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकातील पदव्युत्तर जागा बीडीएसच्या, म्हणजे पदवीच्या जागांच्या तुलनेत फारच थोड्या, आणि खासगी महाविद्यालयातील शुल्क अनेकांच्या आवाक्याबाहेरचे. बीडीएसच्या वर्गांत मुलींचे प्रमाण मोठे असल्याने तेच चित्र पुढे इथेही उमटते. नाइलाजाने आलेले काही जण दुसऱ्या सत्रापर्यंत या विषयात पुरते रमतात, हेही सांगायला हवे.

हजेरीपटावर न दिसणारी माणसे वेगळीच आहेत. उपकेंद्रातील आरोग्यसेविकेचे एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेचे शिक्षण पदवीचे नसते, आणि एमपीएचच्या प्रवेशाला पदवी लागते. त्यामुळे व्हॅक्सिन कॅरिअर खांद्याला अडकवून वीस वर्षे वाड्यावस्त्यांवर फिरलेली, कोणत्या घरात मूल लसीवाचून राहिले हे तोंडपाठ असलेली बाई या वर्गासाठी अर्जसुद्धा करू शकत नाही.