दहा फुटांवरून काय दिसतं

[दृश्य : दोन डिस्क शेजारी शेजारी, उजेडात तिरप्या धरलेल्या.]

आकाराने दोन्ही सारख्या. बारा सेंटिमीटर व्यास, मधे भोक. खोक्यातून बाहेर काढून एकत्र ठेवल्या तर कुठली कुठली हे ओळखायला छापलेली अक्षरं वाचावी लागतात. एक डीव्हीडी, दुसरी ब्लू-रे. डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, दोन थरांची असेल तर ८.५. ब्लू-रेत २५ किंवा ५०.

दुकानदार सांगायचे, ‘ब्लू-रेचं चित्र पाचपट चांगलं.’ पाचपट हा आकडा थापेचा नाही. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवरचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, ब्लू-रेवरचं १९२० बाय १०८०. गुणाकार करा, भागा, बरोबर पाच येतात. आता हे पाचपट सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत पोचतं का, ते बघायचं.

[दृश्य : गोव्यात डिचोली तालुक्यातलं कौलारू घर. हॉलमधे माटोळीखाली, म्हणजे फळंपानं टांगलेल्या लाकडी चौकटीखाली, गणपती, समोरच्या भिंतीला टीव्ही.]

चवथीचा दुसरा दिवस. एरवी पर्वरी, वास्को, पुणे, दुबई असं विखुरलेलं कुटुंब मूळ घरी जमलंय. आरत्या झाल्या, खतखतं आणि नेवऱ्या पोटात गेल्या, आणि आता सगळी मंडळी सुस्तावून टीव्हीसमोर. परीक्षेला यापेक्षा चांगले परीक्षक मिळणार नाहीत. पोरं जमिनीवर, टीव्हीपासून चारेक फुटांवर. मोठी माणसं दहा फुटांवरच्या सोफ्यावर. आत्ये दाराजवळच्या खुर्चीत, कारण तिथे वारा येतो.

टीव्ही ४३ इंची, फुल एचडी, म्हणजे १०८० ओळींचा. एकच सिनेमा दोन्ही डिस्कवर, दोन प्लेअर, दोन्ही एचडी चित्र नेणाऱ्या एचडीएमआय वायरीने जोडलेले. रिमोट दुबईहून आलेल्या पुतण्याच्या हातात. कुठली डिस्क चालू आहे हे तो सांगणार नाही.

पहिलं दृश्य, नायिकेचा चेहरा पडदाभर. पुतण्या इकडून तिकडे, तिकडून इकडे करतो.

‘दोन्ही तशीच रे,’ आत्ये म्हणते. ‘दुसऱ्यात लाल जरा जास्त लाल.’

आत्येचं चुकत नाही. एकाच सिनेमाच्या दोन डिस्क बऱ्याचदा वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या फिल्म प्रिंटवरून तयार झालेल्या असतात. रंग पुन्हा बसवलेले असू शकतात. त्यामुळे पुष्कळदा लोकांना जाणवतो तो फरक रंगांचा असतो आणि श्रेय मात्र ठिपक्यांना जातं. पडदाभर चेहरा असेल तर डीव्हीडीलाही तो नीट जमतो. डोळे, नाक, कुंकू, सगळं मोठं असतं, दाखवायला ठिपके पुरतात.

मग जत्रेचं दृश्य येतं. लांबवर माणसंच माणसं. जमिनीवरची पोरं एकदम ओरडतात, ‘ही, ही चांगली!’ सोफ्यावर दोघांना पटतं, दोघांना नाही. आत्ये पंखा वाढवायला सांगते.

[दृश्य : मोजपट्टी. टीव्हीपासून सोफ्यापर्यंत.]

या भांडणाचा निकाल डोळ्यांच्या डॉक्टरकडे आहे. ज्याची नजर सहा बाय सहा, त्याला साधारण एका कलेइतका, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा दिसतो. त्याहून बारीक काही असेल तर डोळा ते एकमेकांत मिसळून टाकतो. हा हिशेब ४३ इंची टीव्हीला लावला तर ब्लू-रेच्या १०८० ओळी वेगवेगळ्या दिसायला साधारण १.७ मीटरच्या आत बसावं लागतं, म्हणजे साडेपाच फूट. डीव्हीडीच्या ५७६ ओळी ३.२ मीटरवरून, म्हणजे साडेदहा फुटांवरून, एकमेकींत विरघळायला लागतात. आडव्या अंगाने डीव्हीडीचे ठिपके जास्त ताणलेले असतात, म्हणून थोडी सूट धरा. पण सोफा दहा फुटांवर! म्हणजे या घरातली मोठी माणसं बरोबर त्या सीमेवर बसली आहेत, जिथे एक म्हणतो दिसतं आणि दुसरा म्हणतो तुला भास होतोय. दोघांचं खरं आहे.

३२ इंची टीव्ही असेल तर ब्लू-रेचा पुरता फायदा घ्यायला चार-सव्वाचार फुटांवर बसावं लागेल. एवढ्या जवळ कोण बसतं? शिवाय ३२ इंची टीव्हींपैकी कितीतरी ‘एचडी रेडी’ असतात, म्हणजे पडद्यावर मुळात ७६८ च ओळी. ब्लू-रेच्या १०८० तिथे आकसून बसतात. ५५ इंची घेतलात तर मात्र सात फुटांवरून सगळं दिसतं, आणि डीव्हीडीचे वांधे तेरा फुटांवरूनही कळतात. टीव्ही मोठे झाले म्हणून जुनी डीव्हीडी वाईट दिसायला लागली. डिस्क होती तशीच आहे. फोर-के टीव्हीवर तर डीव्हीडीच्या प्रत्येक ठिपक्यामागे वीस ठिपके भरायचे असतात. ते टीव्ही स्वतःच्या अंदाजाने भरतो. हल्लीचे टीव्ही हे काम बऱ्यापैकी करतात. पण नसलेली पापणी कुठून आणणार?

[दृश्य : प्लेअरच्या मागची बाजू. पिवळी, लाल, पांढरी पिन.]

आता जरा टीव्हीच्या मागे जाऊ. हाच ब्लू-रे प्लेअर पुतण्याने मागे कधीतरी दुबईहून आणला, तेव्हा तो या घरात पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने जोडला होता, कारण ती वायर जुन्या डीव्हीडी प्लेअरची तयारच होती. पिवळ्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. ब्लू-रे घाला, काही घाला, पलीकडे पोचतं ते डीव्हीडीच्या दर्जाचं, किंबहुना त्याहून थोडं मळकट. ब्लू-रे घेऊनही फरक दिसला नाही म्हणणाऱ्यांनी आधी वायर बघावी.

आखातातून किंवा जहाजावरून सामान येणं हे गोव्यात घरोघरचं. त्यात आणखी एक गोम आहे. डिस्कला प्रदेशाचा कोड असतो. डीव्हीडीत भारत पाचव्या विभागात, आखात दुसऱ्या. ब्लू-रेत आपण सी, आखात बी. तिथली कोड लावलेली डिस्क इथल्या प्लेअरमधे घातली की पडद्यावर नकाराची पाटी येते. पुतण्याने प्लेअर आणि डिस्क दोन्ही तिथूनच आणल्या म्हणून निभावलं.

[दृश्य : पाऊस. अंगणातला खरा, मग पडद्यावरचा.]

ठिपक्यांचं खूप झालं. माझ्या मते डीव्हीडीची खरी पंचाईत ठिपक्यांत नाही, हलणाऱ्या पाण्यात आहे.

डीव्हीडीवर चित्र एमपेग-२ पद्धतीने दाबून ठेवलेलं असतं. आधीच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच मुख्यतः नोंदवायचं, बाकीचं पुन्हा वापरायचं. भिंतीसमोर बसून दोघं बोलत असतील तर ही काटकसर खपून जाते. पण पाऊस आला, समुद्र फुटला, दूधसागर कोसळायला लागला की प्रत्येक ठिपका प्रत्येक क्षणी बदलतो. नोंदवायला फार होतं आणि जागा नसते. डीव्हीडीला चित्रासाठी सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट मिळतात, प्रत्यक्षात बहुतेक वेळ त्याहून बरेच कमी. मग पावसाच्या सरींचे बारीक चौकोन होतात, लाटेच्या कडेला डास घोंघावल्यासारखी थरथर दिसते. ब्लू-रेला ४० मेगाबिटपर्यंत मुभा आहे आणि दाबण्याची पद्धतही नवी, एच.२६४ सारखी. ही सगळी ऐसपैस जागा आली डिस्क वाचणाऱ्या निळसर जांभळ्या लेझरमुळे. डीव्हीडीचा तांबडा किरण ६५० नॅनोमीटरचा, याचा ४०५ चा. टोकदार निबाने लिहिलं तर त्याच पानावर जास्त मजकूर मावतो, तसंच.

काळोखाचंही तेच. १९८५ चा ‘त्रिकाल’ आठवा. श्याम बेनेगलांनी तो लोटलीला मारिओ मिरांडांच्या घरात चित्रित केला, कॅमेरा अशोक मेहतांचा, आणि त्यातली मेणबत्त्यांच्या उजेडातली दृश्यं. ज्योतीपासून भिंतीपर्यंत उजेड हळूहळू विझत जातो. दाबलेल्या चित्रात त्या उतरत्या उजेडाच्या पायऱ्या होतात, काळोखात चौकोन पोहतात. हा फरक दहा फुटांवरून दिसतो. आत्येलाही दिसला. पडद्यावर रात्र झाली आणि ती म्हणाली, ‘ह्या पहिल्याचो काळोख घाण आहे.’ पहिली डीव्हीडी होती.

दरवर्षी पणजीला इफ्फीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, जाणारी घरातली भाची मात्र अजून समाधानी नाही. थिएटरातलं वेगळंच, म्हणते. थिएटरातल्या टू-के प्रोजेक्टरचं चित्र असतं २०४८ बाय १०८०. ब्लू-रेपेक्षा रुंदीला जरासंच जास्त, उंचीला अगदी तेवढंच. तिला जे वेगळं वाटतं ते पडद्याच्या आकारात, अंधारात आणि कोणी पंखा वाढवायला सांगत नाही यात आहे. घरी फोनवर कोणी बोलत असेल तर त्याला ब्लू-रे काय करणार?

[दृश्य : हार्मोनियम. थोरले काका.]

एक गोष्ट कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. थोरले काका भजनाला पेटी वाजवतात. सिनेमातलं गाणं लागलं, डीव्हीडीवरून ब्लू-रेवर गेलं, आणि काका सरळ बसले. ‘सूर उतरला.’

बरोबर उतरला. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी घेतलेला असतो. पाल डीव्हीडी २५ ने चालते. म्हणून बहुतेक वेळा सगळा सिनेमाच चार टक्के वेगाने पळवतात. दोन तासांचा सिनेमा ११५ मिनिटांत आटोपतो आणि आवाज चढतो. सा आणि कोमल रे यांत जेवढं अंतर, त्याच्या सुमारे ७० टक्के. ब्लू-रे २४ नेच चालते, गायिका आपल्या मूळ पट्टीत परत येते. भारतात निघालेल्या पुष्कळ हिंदी डीव्हीडी एनटीएससी या अमेरिकेतल्या टीव्ही-पद्धतीच्या आहेत, त्यांत हा दोष नसतो, पण त्यांच्या ओळीही ५७६ नसून ४८० असतात. चित्रात फरक नाही म्हणणाऱ्या काकांनी कानाने डिस्क ओळखली.

[दृश्य : स्टीलचं कपाट. जुन्या डिस्क, काहींवर पांढुरका थर.]

शेवटी निघाली ती धाकट्या काकांच्या लग्नाची डीव्हीडी, २००३ सालची. प्रत्येक चवथीला ती लागतेच. मंगलाष्टकं सुरू होतात आणि काकूचा हात हलला की बांगड्यांच्या कडेला फणीसारखे दाते दिसतात. त्या काळचा कॅमेरा एक चित्र दोन हप्त्यांत घ्यायचा, आधी विषम ओळी, मग सम, सेकंदाला ५० हप्ते. जुन्या नळीच्या टीव्हीवर ते कळायचं नाही. सपाट टीव्ही दोन्ही हप्ते जोडायला जातो आणि मधल्या वेळात हात पुढे गेलेला असतो.

‘हे ब्लू-रेवर करून मिळतं ना?’ काकूने विचारलं. करून मिळतं, पैसेही घेतात, पण चित्र सुधारत नाही. कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही ते मोठ्या डिस्कवर गेल्याने उगवणार नाही. देवळातल्या जत्रेची मराठी नाटकं, तियात्रांच्या, म्हणजे कोकणी नाटकांच्या, जुन्या व्हीसीडी, सगळ्यांना हेच लागू. व्हीसीडी तर ३५२ बाय २८८, डीव्हीडीच्याही चौथाईच्या खाली. याउलट फिल्मवर घेतलेला पन्नास वर्षांपूर्वीचा सिनेमा, निगेटिव्ह जपलेली असेल तर, ब्लू-रेवर कालच्या लग्नापेक्षा ताजा दिसू शकतो. ३५ मिलिमीटरच्या चौकटीत १०८० ओळींपेक्षा जास्तच काही असतं.

लग्नाच्या डिस्कची काळजी वेगळ्याच कारणाने करायला हवी. ती कारखान्यात ठसा मारून बनलेली नसते, कॉम्प्युटरवर ‘जाळलेली’, म्हणजे लेझरने लिहिलेली असते. नोंद एका रंगद्रव्याच्या थरात असते आणि ऊन, उष्मा, दमट हवा यांनी तो थर खराब होत जातो. गोव्याच्या पावसाळ्यात कपाटात काय होतं ते सांगायला नको. वर बुरशी आली असेल तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नव्हे. आणि चालते आहे तोवर हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायची.

त्याहून बरं म्हणजे मूळ टेप शोधणं. तेव्हाच्या मिनी डीव्ही टेपवर सेकंदाला २५ मेगाबिट चित्र असायचं, त्यावरून बनवलेल्या डीव्हीडीपेक्षा कितीतरी मोकळं. ओळी तेवढ्याच, पण अक्षतांचे चौकोन होत नाहीत. हे ऐकल्यावर धाकट्या काकांनी तिथल्या तिथे सांखळीच्या व्हिडिओवाल्याला फोन लावला. टेप आहे म्हणाला, माळ्यावर असेल. ती ज्यातून चालवायची तो कॅमेरा मात्र त्याने कधीच विकून टाकला.