अडचणीतल्या कन्सोल कंपनीने कोणते यंत्र बनवावे?

नमस्कार श्रोतेहो. व्हिडिओ गेमचे कन्सोल बनवणारी एखादी कंपनी अडचणीत आली, की तिला चहूबाजूंनी एकच सल्ला मिळतो : प्रतिस्पर्ध्यापेक्षा ताकदवान यंत्र आणा. माझ्या मते हा सल्ला बहुधा फसवा असतो, आणि निन्टेन्डो या जपानी कंपनीचा गेल्या दशकातला अनुभव त्याची चांगली साक्ष देतो.

निन्टेन्डोचे वी हे कन्सोल १० कोटींहून अधिक विकले गेले होते. त्याचा वारस वी यू नोव्हेंबर २०१२ मध्ये आला आणि त्याची एकूण विक्री सुमारे १ कोटी ३५ लाखांवरच थांबली. नावामुळे अनेकांना ते नवे कन्सोल न वाटता जुन्या वीला जोडायचा, पडदा असलेला कंट्रोलर वाटला, हे कारण नेहमी सांगितले जाते आणि ते खरेही आहे. खरे दुखणे मात्र त्याहून खोल होते. त्याच काळात कंपनी थ्रीडीएस हे हातात धरून खेळायचे यंत्रही चालवत होती, आणि दोन्हींची अंतर्गत रचना निराळी असल्यामुळे एकासाठी बनवलेला गेम दुसऱ्यावर आणायचा म्हणजे बरेचसे काम नव्याने करावे लागे. परिणामी कंपनीचे कसलेले लोक दोन आघाड्यांवर विभागले गेले, खरेदीदार थोडे पाहून बाहेरच्या गेम कंपन्यांनी वी यूकडे पाठ फिरवली, आणि दोन मोठ्या गेम्सच्या मधले कित्येक महिने कोरडे जाऊ लागले. ग्राहक कन्सोलवर पैसे घालतो ते पुढल्या चार-पाच वर्षांत त्यावर येणाऱ्या गेम्सच्या भरवशावर; तो ओघ आटल्यावर प्रोसेसरचा वेग सांगून काय उपयोग?

गेम्स मुळात सरस होते. ‘मारिओ कार्ट ८’ वी यूवर सुमारे ८४ लाख विकला गेला. तोच गेम थोडी भर घालून २०१७ मध्ये निन्टेन्डोच्या पुढच्या, स्विच या कन्सोलवर आला आणि ६ कोटींच्या पुढे गेला.

किंमत उतरवणे हा दुसरा नेहमीचा उपाय. थ्रीडीएस २०११ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये २५,००० येनला आले आणि ऑगस्टमध्येच ते १५,००० येनवर आणावे लागले. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी तेव्हा स्वतःचे वेतन निम्मे केले. यंत्र तगले, पण त्या वर्षअखेरीस मारिओचे दोन नवे गेम्स आले नसते, तर नुसत्या स्वस्ताईने ते तगले असते असे मला वाटत नाही.

दोन यंत्रांत शक्ती वाटण्याची चूक सेगा या दुसऱ्या जपानी कन्सोल कंपनीनेही आधी केली होती. १९९४ च्या नोव्हेंबरात तिने अमेरिकेत जुन्या कन्सोलला जोडायचे ३२एक्स हे उपकरण आणले आणि त्याच महिन्यात जपानमध्ये सॅटर्न हे संपूर्ण नवे कन्सोल. कोणते घ्यावे, हे ग्राहकालाही कळेना आणि कशासाठी गेम बनवावेत, हे निर्मात्यांनाही. पुढचे ड्रीमकास्ट गुणी होते, तरी २००१ मध्ये सेगाने कन्सोल बनवणेच सोडले.

इवातांचा सर्वांत मोलाचा निर्णय जाहिरातीत दिसणारा नव्हता. २०१३ मध्ये कंपनीने घरगुती कन्सोल आणि हँडहेल्ड यांचे यंत्रविकास विभाग एकत्र केले. मार्च २०१७ मध्ये आलेले स्विच टीव्हीला जोडताही येत होते आणि हातात धरूनही खेळता येत होते. त्याची चिप एनव्हिडिया या चिप कंपनीच्या, आधीच बाजारात असलेल्या टेग्रा मालिकेतली होती आणि ताकदीत ते प्रतिस्पर्धी सोनीच्या प्लेस्टेशन ४ च्या मागेच होते. पण कंपनीची सारी शक्ती हळूहळू एकाच यंत्रामागे उभी राहिली. स्विचची विक्री १५ कोटींच्या पुढे गेली.

या मार्गात जोखीमही आहे. वी यू पडले तेव्हा थ्रीडीएसने कंपनीला आधार दिला होता. एकच यंत्र ठेवल्यावर तसा दुसरा आधार उरत नाही. म्हणूनच कदाचित जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ मध्ये निन्टेन्डोने घडण तीच ठेवली, बहुतेक जुने गेम्स त्यावर चालतील अशी सोय केली, आणि या खेपेला नावात सरळ आकडा घातला.