बक्षीस म्हणून ती

नमस्कार श्रोतेहो. १९८६ साली जपानमध्ये ‘मेट्रॉइड’ नावाचा व्हिडिओ गेम आला. डोक्यापासून पायापर्यंत चिलखत घातलेला एक योद्धा परग्रहावरच्या भुयारांत शत्रूंशी लढतो. सोबतच्या इंग्रजी माहितीपुस्तिकेतही त्याचा उल्लेख ‘तो’ असाच होता. शेवटी मात्र चिलखत उतरतं आणि कळतं, की ही तर बाई आहे. सॅमस अरान तिचं नाव.

केवढी धाडसी कल्पना! पण थांबा. हे गुपित सगळ्यांना कळत नसे. खेळायला पाच तासांहून जास्त वेळ लागला, तर चिलखत अंगावरच राहायचं. त्याहून लवकर संपवला तर शिरस्त्राण निघायचं, आणखी लवकर संपवला तर चिलखत. तासाभराच्या आत संपवणाऱ्याला ती बिकिनीत दिसायची. म्हणजे सगळी लढाई जिने केली, तीच शेवटी खेळणाऱ्याच्या हातात बक्षीस म्हणून ठेवलेली.

त्या मानाने व्हिडिओ गेममधल्या बाकीच्या बायकांची गोष्ट साधीच होती. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये माकडाने पळवलेली पॉलिन वरच्या मजल्यावर मदतीसाठी हाका मारते. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये किल्ल्यामागून किल्ले जिंकावेत, तर निरोप मिळतो, राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात आहे. पुढे २००५ मध्ये तिला, म्हणजे पीचला, स्वतःचा खेळ मिळाला. त्यात तिची शस्त्रं कोणती? तिच्या भावना. दोन स्क्रीनच्या त्या खेळयंत्रात खालच्या स्क्रीनवरचं बदामाच्या आकाराचं एक चिन्ह दाबलं की ती ढसाढसा रडते आणि त्या आसवांनी झाडं वाढतात. दुसरं दाबलं की संतापाने पेट घेते. तिला सोडवायला निघणाऱ्या मारिओला मात्र उडी मारण्यासाठी कधी रडावं लागलं नाही.

लारा क्रॉफ्टबद्दल बोलताना लोक कपड्यांवरच अडकतात. १९९६ च्या ‘टूम रेडर’मधली तिची आखूड चड्डी आणि अशक्य बांधा यांवर टीका झाली, ती रास्तच होती. पण तीच लारा एकटी थडगी धुंडाळत होती, कोणी सोडवायला येईल म्हणून बसली नव्हती. २०१३ च्या नव्या अवतारात तिला धड विजार मिळाली. मात्र एका प्रसंगात खेळताना आपण चुकलो, की तिचा गळा आरपार भोसकला जातो आणि कॅमेरा तिथून हलत नाही. मला विचाराल तर अंगभर कपडे देऊन हा कॅमेरा काही सभ्य झाला नाही.

मग २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागात ॲबी नावाची लढवय्यी आली. पिळदार दंड, रुंद खांदे. बाईचे असे दंड असतात का, म्हणून लोक खवळले. खेळात तिची व्यायामशाळा चक्क दाखवली आहे, पण तिकडे बघतंय कोण! ज्या पुरुष पात्रांचे दंड मांडीएवढे असतात, त्यांना हा प्रश्न कोणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि राजकन्या झेल्डा. १९८६ पासून ‘द लीजंड ऑफ झेल्डा’ या खेळांच्या मालिकेला नाव तिचं आणि तलवार नायक लिंकच्या हातात. २०२४ च्या ‘एकोज ऑफ विस्डम’मध्ये सुरुवातीलाच लिंक तिला सोडवतो आणि स्वतःच एका भेगेत गडप होतो. आता शोधायला ती निघते. हातात जादूची काठी, तीही पाहिलेल्या वस्तूंच्या प्रतिकृती उभ्या करणारी. समोर उंच कडा आला, की ही राजकन्या जुन्या पलंगावर पलंग रचते आणि वर चढते.