तिसरी तार कुठे बसवायची?

[दृश्य: इसीजीची सरकती पट्टी]

इसीजीच्या कागदावरचा एक छोटा चौकोन म्हणजे 40 मिलिसेकंद. क्यूआरएस, म्हणजे खालच्या कप्प्यांत विद्युत लहर पसरताना पट्टीवर उठणारा टोकदार भाग, जवळजवळ चार चौकोन, म्हणजे 150 मिलिसेकंद किंवा त्याहून रुंद, सोबत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (डाव्या कप्प्याकडे विद्युत संदेश नेणारी वाट अडलेली), आणि औषधं पूर्ण मात्रेत चालू असूनही पंपिंग (डावा कप्पा दर ठोक्याला आतल्यापैकी किती रक्त बाहेर फेकतो ते प्रमाण) 35 टक्क्यांच्या वर जात नाही. अशा हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला सीआरटी, म्हणजे सहसा तीन तारांचा पेसमेकर सुचवतात. दोन तारा हृदयाच्या उजव्या बाजूला जातात. तिसरी कोरोनरी सायनस या हृदयाच्या मोठ्या शिरेतून डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीवरच्या शिरेत सरकवायची. तिथेच सगळं जमतं किंवा फसतं.

साधारण तिघांपैकी एकाला अपेक्षित फायदा होत नाही. सहा महिन्यांनी, आकुंचनाच्या शेवटी डाव्या कप्प्यात उरणाऱ्या रक्ताचं प्रमाण किमान 15 टक्क्यांनी घटलं, तर फायदा झाला असं सहसा मानतात. हे आधी कळेल का?

सुरुवातीला इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, दोन भिंती आवळण्यातलं वेळेचं अंतर मोजून पाहिलं. 2008 च्या प्रॉस्पेक्ट अभ्यासात अशी 12 मोजमापं तपासली. भरवशाचं एकही निघालं नाही. 2013 च्या इकोसीआरटी चाचणीत क्यूआरएस 130 मिलिसेकंदांपेक्षा कमी, पण इकोवर भिंतींचा आपसातला ताल बिघडलेला, असे रुग्ण घेतले होते. पेसिंग चालू असलेल्या गटात मृत्यू जास्त झाले आणि चाचणी थांबवावी लागली. म्हणून क्यूआरएस अरुंद असेल, तर निव्वळ इकोच्या आकड्यावर सीआरटी बसवू नये.

[दृश्य: इको, चार कप्पे, संथ गतीत]

आता मधल्या पडद्याकडे बघा. आकुंचन सुरू होताच तो झटकन आत येतो आणि लगेच मागे ढकलला जातो. हाच सेप्टल फ्लॅश. हृदयाचं टोकही आधी पडद्याकडे झुकतं, मग बाहेरच्या भिंतीकडे ओढलं जातं. या दोन्ही खुणा दिसल्या तर फायद्याची शक्यता चांगली. पण झटका क्षणभराचा असतो; फ्रेम रेट कमी ठेवला तर तो निसटतो. सेक्टर अरुंद करा, खोली कमी करा. स्ट्रेनसाठी, म्हणजे स्नायू किती आणि कधी आखडतो हे मोजायला, सेकंदाला 50 ते 80 फ्रेम तरी हव्यात.

मात्र स्नायू जिवंत आहे का, हे एमआरआय अधिक स्पष्ट सांगतो. गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट औषध दिल्यावर 10 ते 15 मिनिटांनी काढलेल्या चित्रात निरोगी स्नायू काळा दिसतो, वण पांढरा. बाहेरच्या भिंतीत आरपार वण असेल आणि तार नेमकी त्यावर बसली, तर करंट जास्त लागतो, लहर रखडत पसरते आणि भिंत वेळेवर आवळत नाही. पडद्यात वण असेल तरी फायदा घटतो. हा एमआरआय उपकरण बसवण्याआधीच करावा, नंतर त्याच्या धातूमुळे चित्र बिघडतं. किडनीचं काम फारच कमी असेल, तर गॅडोलिनियम विचारपूर्वकच द्यावं.

2012 च्या टार्गेट चाचणीत 220 रुग्ण होते. स्ट्रेन पाहून सर्वांत उशिरा आवळणाऱ्या, पण वण नसलेल्या भागाकडे तार नेली, तेव्हा 70 टक्क्यांना फायदा झाला. नेहमीच्या पद्धतीत 55 टक्क्यांना.

[दृश्य: कॅथ लॅब, शिरांचा व्हेनोग्राम]

अडचण अशी, की हव्या त्या जागी शीर असेलच असं नाही. असली तरी शेजारून श्वासपटल हलवणारी फ्रेनिक नर्व्ह गेलेली असू शकते आणि पेसिंग सुरू करताच पोट उचकी लागल्यासारखं उडतं. चार इलेक्ट्रोडची तार असेल तर ती न हलवता दुसऱ्या इलेक्ट्रोडवरून पेसिंग करून बघता येतं. तेही जमलं नाही, तर हृदयाच्या टोकाकडची जागा चालवून घेण्यापेक्षा लेफ्ट बंडलचं पेसिंग किंवा शस्त्रक्रियेने बाहेरून तार बसवण्याचा विचार करावा.